आल्या पावली

त्या वर्षी जूनअखेर चार आणे बंद होणार होते.
वडूजच्या बँकेबाहेर कागद चिकटवला होता
आणि माणसं गाडग्यातून, देव्हाऱ्यातून, शिवणाच्या डब्यातून
पावल्या उकरून काढत होती,
दहिवडीच्या गाडीत आईच्या ओंजळीत ओतत होती.
"घ्या की बाई, अजून चालत्यात."
आई नको म्हणायची.
पावली आल्या पावली परत.

मग पिंगळीच्या एका म्हाताऱ्याकडे
दुसरं काहीच निघालं नाही.
सहा रुपयांचं तिकीट, चोवीस पावल्या,
आणि मागून सगळी गाडी ओरडतेय, डबल द्या, डबल.
रात्री हिशोबात आईने स्वतःचे सहा रुपये घातले,
पावल्या रुमालात बांधून घरी आणल्या.
"खेळ," म्हणाली, आणि झोपली.

मी अकरा वर्षांची.
गेंडा तोवर पाहिला नव्हता.
माणदेशात कुठला गेंडा, आमच्याकडे मेंढरं.
तो तिथे नखाएवढ्या पोलादावर उभा,
मान खाली,
जणू त्यालाही टँकरची वाट बघायची होती.
चोवीस गेंडे मी चटईवर रांगेत लावले.
सालं वेगवेगळी होती. एवढंच.
एवढ्यानेच सुरू झालं.

इम्तियाज मुलाणीच्या आजोबांनी
पानाच्या गल्ल्यातून भोकाचा पैसा दिला.
मी तो चिंचेने घासला, राखेने घासला,
लग्नातल्या तांब्यासारखा लखलखला
तेव्हा पळत फडतरे कॅशियरांकडे गेले.
त्यांनी चष्मा काढला. पुन्हा घातला.
"साल गेलं की गं पोरी.
साठ-पासष्ट वरसं लागली ह्याच्या अंगावर बसाया,
तू एका दुपारात उतरवलीस."
रागावले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी चहा दिला.

आणि भिंग दिलं.
सालाच्या खाली बघ, म्हणाले.
हिरा असला तर मुंबईचं, चांदणी असली तर हैदराबादचं,
टिंब म्हणजे नोएडा.
"आणि काहीच नसलं तर?"
"तर कोलकाता. काही नसणं हीबी खूणच असती."
मी परत येताना बाजारपेठेतून
सगळ्यांच्या कपाळांकडे बघत आले.

तिकिटांची यंत्रं नुकतीच आली होती.
जुना पत्र्याचा ट्रे, ज्यात रंगीत तिकिटांचे गठ्ठे बसत,
आईने भंगारवाल्याकडून चाळीस रुपयांना उचलला.
स्वतःच्या हयातीचा ट्रे, ती म्हणाली, आणि चाळीसला.
पाच रुपयांच्या तिकिटाच्या खणात हिरे ठेवले,
दोनच्या खणात चांदण्या.
एका टिंबासाठी इम्तियाजने माझ्याकडून
चार गोट्या आणि गणिताची अख्खी वही घेतली.
मला तो सौदा अजून स्वस्त वाटतो.
(सहामाहीत नापास झाले, ते वेगळं.)

एक खण अजून रिकामा आहे.
माझ्या जन्मसालाचा, खूण नसलेला.
तो पाडला होता की नाही, ठाऊक नाही.
फडतरे असते तर विचारलं असतं.
कधी कधी त्या खणात बोट घालून बघते,
पत्रा गार लागतो,
कोपऱ्यात पंच केलेल्या कागदाची एक गुलाबी टिकली
कधीची अडकून बसली आहे. ती मी काढत नाही.

आई आता निवृत्त. बाजारात सगळे फोन दाखवतात,
ही मात्र अजून रोख देते, आणि उरलेले सुट्टे मागून घेते,
घेतलेला रुपया डोळ्यांपासून लांब धरते,
उलटा करते,
सालाखाली बघते.
रुपयावर गेंडा नसतो, तिलाही ठाऊक आहे.
मेथीवाली म्हणते, "खरा हाय ओ काकी, चालतंय."
"म्हायताय," आई म्हणते,
आणि बघत राहते.